मूत्राशय घडवण्याची कुळकथा

मूत्राशय ही स्नायूंची पोकळ पिशवी आहे. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते आणि ते साठत असताना आतला दाब फारसा चढत नाही. या अवयवाचे सारे कसब त्या एका गोष्टीत आहे. आतून त्याला पेशींचे पातळ अस्तर असते. अस्तराच्या सर्वांत वरच्या थरातल्या पसरट पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की मूत्रातले क्षार आणि टाकाऊ द्रव्ये पुन्हा रक्तात शिरू शकत नाहीत. अस्तराबाहेर तंतुमय ऊतीचा थर आणि त्याबाहेर स्नायूंचे वेष्टन असते. पिशवी भरताना हा स्नायू सैल राहतो, रिकामी होताना आवळतो. स्नायू ताठरला की दाब वाढतो, मूत्र मूत्रवाहिन्यांतून उलटे वर चढते, आणि वर्षानुवर्षे असे होत राहिले की मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून खराब मूत्राशय बदलण्याचा प्रयत्न हा मूत्रपिंड वाचवण्याचाही प्रयत्न असतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून हे दोन अवयव पुन्हा घडवण्याचे संशोधन एकाच घराण्यातले आहे. त्याच्या दोन शाखांचे नशीब मात्र फार वेगळे निघाले.

या घराण्याचे मूळ शस्त्रक्रियेत आहे. मूत्राशयाविना मूत्र कुठे साठवायचे हा प्रश्न १९व्या शतकातल्या शल्यविशारदांनी शरीरातलीच दुसरी पोकळी वापरून सोडवू पाहिला. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८५२ साली जॉन सायमन यांनी, मूत्राशय पोटाबाहेर उघडे पडलेल्या अवस्थेत जन्मलेल्या एका मुलाच्या मूत्रवाहिन्या गुदाशयाकडे वळवल्या. १८८८ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात गुइदो टिझोनी आणि अल्फोन्सो पोग्गी यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याचा तुकडा वेगळा करून त्याचे मूत्राशय केले. पुढे योहान मिकुलिच यांनी माणसाच्या मूत्राशयाला आतड्याचे ठिगळ लावले. १९५० साली अमेरिकेत सेंट लुइसचे यूजीन ब्रिकर यांनी, कर्करोगामुळे मूत्राशय काढून टाकलेल्या रुग्णांसाठी आतड्याच्या आखूड तुकड्यातून मूत्र पोटावरच्या छिद्रापर्यंत आणण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरात आहे.

आतडे निवडण्यामागे सोयीखेरीज एक भक्कम कारण होते. आतडे ज्या पडद्याला लटकलेले असते त्या पडद्यासकट त्याचा तुकडा हलवता येतो. त्या पडद्यातूनच त्याच्या धमन्या आणि शिरा जातात, त्यामुळे नव्या जागी शिवलेला तुकडा पहिल्या क्षणापासून जिवंत असतो. पुढच्या सव्वाशे वर्षांत मूत्राशयासाठी जे जे पर्याय पुढे आले, त्यांतल्या बहुतेकांत नेमकी हीच गोष्ट कमी पडली.

आतड्याची किंमतही मोठी आहे. त्याचे अस्तर शोषून घेण्यासाठी घडलेले असते, अडवून ठेवण्यासाठी नव्हे. मूत्रातले अमोनियम आणि क्लोराइड ते रक्तात परत घेते, रक्ताची आम्लता वाढते, आणि वाढीच्या वयातल्या मुलांच्या हाडांवर त्याचा परिणाम होतो. अस्तरातून चिकट श्लेष्मा झरत राहतो, त्यात जंतुसंसर्ग आणि मूतखडे होतात. कित्येक वर्षांनी जोडाच्या जागी कर्करोग उद्भवल्याचीही उदाहरणे आहेत. शिवाय आतडे आपल्या लहरीने आकुंचन पावते, म्हणून शल्यविशारद त्याची नळी उभी चिरून, उलगडून पुन्हा शिवतात. अशा मूत्राशयाला आपोआप रिकामे होणे बहुधा जमत नाही. मिशिगन विद्यापीठाचे जॅक लॅपिडेस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की रुग्णाने स्वतःच दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे केले तर संसर्गाचा धोका आटोक्यात राहतो. निर्जंतुक नव्हे, फक्त स्वच्छ. या साध्या सवयीने जितकी मूत्रपिंडे वाचवली तितकी क्वचितच एखाद्या शोधाने वाचवली असतील, आणि आतड्याची शस्त्रक्रिया व्यवहारात टिकली तीही या सवयीमुळेच.

आतड्याऐवजी दुसरे काही वापरण्याचे प्रयत्नही जुनेच. न्यूयॉर्कचे हॅरोल्ड न्यूहॉफ यांनी १९१७ मध्ये स्नायूंवरच्या तंतुमय आवरणाचा तुकडा कुत्र्याच्या मूत्राशयाला जोडून पाहिला. नंतर निरनिराळे प्लास्टिक, स्पंज आणि प्राण्यांची वाळवलेली पटले आली. प्लास्टिकवर खडे धरत, शिवण सुटून मूत्र पाझरे, आणि जैविक ठिगळ हळूहळू आक्रसून जाई. तरी या अपयशांमधून एक महत्त्वाचे निरीक्षण हाती आले. १९५०च्या दशकात काही शल्यविशारदांनी मूत्राशयाचा बहुतेक भाग काढून त्या जागी प्लास्टिकचा पोकळ साचा ठेवला. उरलेल्या काठावरून अस्तर वाढत आले आणि साच्याभोवती पसरले. अस्तरात वाढण्याची क्षमता अफाट आहे हे त्यातून कळले. स्नायू मात्र त्या वेगाने आला नाही. त्याच्या जागी व्रणाची ऊती आली आणि साचा काढल्यावर ती आकसली. अस्तर सहज येते, स्नायू अडतो, हा अनुभव पुढे प्रत्येक पिढीला आला.

घराण्याची दुसरी धारा पेशी शरीराबाहेर वाढवण्याची. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातली चेतापेशी लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवून तिचा तंतू वाढताना पाहिला. पेशीसंवर्धनाची सुरुवात तिथे धरली जाते. पण माणसाच्या अस्तरपेशी अनेक पिढ्या वाढवणे त्यानंतरही फार दिवस जमत नव्हते. १९७५ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी त्वचेच्या पेशी वाढवण्याची युक्ती शोधली. किरणोत्सर्गाने विभाजन थांबवलेल्या उंदराच्या पेशींचा थर खाली अंथरला, की त्यावर माणसाच्या त्वचेच्या पेशी जोमाने वाढतात. १९८०च्या दशकात, जवळजवळ सारे अंग भाजलेल्या रुग्णांवर त्यांच्याच त्वचेच्या टपाल-तिकिटाएवढ्या तुकड्यातून वाढवलेली त्वचा लावली गेली आणि त्यांचे प्राण वाचले. माणसाच्या शरीरात परत गेलेली ही पहिली महत्त्वाची संवर्धित ऊती. ती तगली याचे एक कारण तिचे पातळपण होते. बहुतेक पेशी रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून लांब फार काळ जगत नाहीत. प्राणवायू तेवढेच अंतर झिरपतो. त्वचेचा पातळ पापुद्रा खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर जगू शकतो. जाड अवयवाला ती सोय नाही.

तिसरी धारा साच्याची. बॉस्टनमध्ये मुलांच्या यकृताचे प्रत्यारोपण करणारे जोसेफ व्हकान्टी आणि रासायनिक अभियंते रॉबर्ट लँगर हे १९८०च्या दशकात एकत्र आले. दात्यांअभावी मुले दगावताना पाहून अवयव घडवण्याचा विचार व्हकान्टी यांच्या मनात आला होता. शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकांचे ज्ञान लँगर यांच्याकडे होते. शस्त्रक्रियेतल्या विरघळणाऱ्या टाक्यांचा धागा ज्या पॉलिग्लायकोलिक आम्लापासून बनतो, त्याच्या तंतूंची विरळ जाळी करायची आणि तिच्यावर पेशी पेरायच्या, अशी ती कल्पना. पेशी आपापले तंतू विणतात आणि तोवर जाळी विरघळून जाते. दोघांनी १९९३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलेल्या लेखाने ऊती-अभियांत्रिकी ही स्वतंत्र शाखा म्हणून सर्वदूर पोहोचली.

याच बॉस्टनमध्ये, मुलांच्या रुग्णालयात, अँथनी अटाला हे पेरूत जन्मलेले मूत्ररोगतज्ज्ञ १९९० पासून काम करत होते. त्यांच्या हाती येणारी मुले मुख्यतः पाठीचा कणा दुभंगलेल्या अवस्थेत जन्मलेली. मज्जारज्जूचे खालचे टोक नीट न घडल्याने या मुलांच्या मूत्राशयाला मेंदूचा निरोप पोहोचत नाही. ते जाड, ताठर आणि लहान होत जाते. अशा मुलांना आतड्याचे ठिगळ लावणे म्हणजे पुढच्या साठ-सत्तर वर्षांचे दुष्परिणाम बांधून देणे. अटाला यांच्या गटाने मूत्राशयाच्या अस्तरपेशी वाढवण्याची पद्धत बसवली. १९९४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार एक चौरस सेंटिमीटर अस्तरातल्या पेशी आठ आठवड्यांत चार हजार चौरस मीटरहून अधिक क्षेत्र झाकू शकतील इतक्या वाढवता येत होत्या. पेशींची संख्या ही अडचण उरली नाही. इतक्या पेशींना जिवंत ठेवायचे कसे, हा प्रश्न मात्र त्या हिशेबात नव्हता.

१९९९ मध्ये फ्रँक ओबरपेनिंग, जेम्स यू, अटाला आणि सहकाऱ्यांचा कुत्र्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. या कथेतला तो सर्वांत उजळ टप्पा. १४ बीगल कुत्र्यांच्या मूत्राशयाचा तळाचा त्रिकोण, जिथे मूत्रवाहिन्या येऊन मिळतात, तेवढा राखून वरचा भाग काढला. दोघांचे मूत्राशय तसेच शिवून टाकले, सहांना नुसती जाळी लावली आणि सहांना त्यांच्याच पेशी पेरलेली जाळी. नुसते शिवलेल्यांची क्षमता मूळच्या सुमारे २२ टक्के उरली, नुसत्या जाळीवाल्यांची सुमारे ४६ टक्के, आणि पेशी पेरलेल्यांची सुमारे ९५ टक्के. ११ महिन्यांपर्यंत पाहणी झाली. पेरलेल्या मूत्राशयात तिन्ही थर दिसत होते, चेतातंतूही शिरलेले आढळले. पेशी असल्या तर ऊती घडते आणि नसल्या तर आक्रसते, हा फरक इतक्या स्वच्छपणे पूर्वी कोणी दाखवला नव्हता. मात्र ती कुत्री निरोगी होती आणि पेशीही निरोगी मूत्राशयातून घेतलेल्या. हा तपशील पुढे निर्णायक ठरला.

माणसांवरच्या शस्त्रक्रिया याच सुमारास सुरू झाल्या. मुलाच्या मूत्राशयाचा लहानसा तुकडा घ्यायचा, त्यातले अस्तर आणि स्नायू वेगळे करायचे आणि दोन्ही प्रकारच्या पेशी सुमारे सात आठवडे वाढवायच्या. दरम्यान मूत्राशयाच्या आकाराचा साचा तयार होई. सुरुवातीला पेशी धुऊन काढलेल्या मूत्राशयाच्या पटलाचा म्हणजे कोलॅजनचा, नंतर कोलॅजन आणि पॉलिग्लायकोलिक आम्ल यांच्या मिश्रणाचा. बाहेरून स्नायूपेशी पेरायच्या, मग आतून अस्तरपेशी, आणि काही दिवस उबेत ठेवून हा वाडगा मूळ मूत्राशयाच्या उघडलेल्या टोकावर शिवायचा. शेवटच्या रुग्णांमध्ये एक पायरी वाढवली गेली. आतड्यांवर पदरासारखा लोंबणारा, रक्तवाहिन्यांनी भरलेला चरबीचा पडदा असतो. त्याला ओमेंटम म्हणतात. तो नव्या मूत्राशयाभोवती गुंडाळला, म्हणजे त्याच्यातून नव्या केशवाहिन्या लवकर आत शिराव्यात. १८८८च्या आतड्याला जे आपसूक मिळत होते ते इथे असे बाहेरून पुरवावे लागले.

एप्रिल २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने या सात रुग्णांचा अहवाल छापला. वये ४ ते १९ वर्षे, सर्वांत दीर्घ पाहणी ६१ महिन्यांची. ज्यांच्यात मिश्र साचा आणि ओमेंटम दोन्ही वापरले होते त्यांचे निकाल सर्वांत चांगले होते: क्षमता सुमारे दीडपट आणि लवचीकता जवळजवळ पावणेतीनपट. मूत्रपिंडांचे काम शाबूत राहिले, आतड्यामुळे होणारी आम्लता आणि श्लेष्मा टळला. जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘प्रयोगशाळेत वाढवलेला पहिला अवयव’ अशी बातमी दिली. प्रत्यक्षात संपूर्ण मूत्राशय बदललेले नव्हते, फक्त वरचा घुमट वाढवला होता. मुलांना कॅथेटर घालावेच लागत होते, कारण मज्जारज्जूचा दोष तसाच होता. तुलनेसाठी आतडे लावलेला गटही नव्हता. सात रुग्णांचा तो सावध, प्रामाणिक अहवाल होता. त्याच्यावर चढवलेले ओझे त्याच्या लेखकांच्या आकड्यांपेक्षा कितीतरी मोठे होते.

त्यानंतर पद्धत एका कंपनीच्या हाती गेली. २००३ मध्ये स्थापन झालेल्या टेन्जियन या अमेरिकी कंपनीने हेच तंत्र कारखान्यात बसवून कणा दुभंगलेल्या १० मुलांवर दुसऱ्या टप्प्याची चाचणी घेतली. निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते निराशाजनक होते. लवचीकतेत किंवा क्षमतेत संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल अशी सुधारणा झाली नाही, उलट काही मुलांना आतड्यात अडथळा आणि मूत्राशय फाटणे असे गंभीर त्रास झाले. कर्करोगाच्या रुग्णांसाठी चरबीतून घेतलेल्या स्नायूपेशींची मूत्रनलिका करण्याचा कंपनीचा दुसरा प्रयत्नही उपचारापर्यंत पोहोचला नाही. २०१४च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली.

कुत्र्यांतले यश मुलांत का उतरले नाही, याची कारणे एकाहून अधिक आहेत. आजारी मूत्राशयातल्या स्नायूपेशी संवर्धनातही वेगळ्या वागतात. त्यांची आकुंचनशक्ती कमी असते, त्या तंतुमय ऊतीकडे झुकतात. भरणे आणि रिकामे होणे हा ताण मिळाल्याशिवाय स्नायू घडत नाही, आणि या मुलांच्या मूत्राशयाला तो ताण नीट मिळत नाही. तिसरे कारण आकाराचे. डुकराच्या लहान आतड्यातला पेशीविरहित थर मूत्राशयाच्या ठिगळासाठी वापरण्याचे काम १९९०च्या दशकात अमेरिकेत बरेच झाले होते. मूत्राशयाचा मर्यादित भाग काढून त्याचे ठिगळ लावले तर कुत्र्यात छान ऊती येई. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूत्राशयाचा बहुतांश भाग काढून तेच ठिगळ लावले, तेव्हा पेशी पेरलेले आणि न पेरलेले दोन्ही आक्रसले. लहान ठिगळाला शेजारच्या निरोगी काठावरून पेशीही मिळतात आणि रक्तही. मोठ्या ठिगळाच्या मध्यापर्यंत केशवाहिन्या पोहोचेपर्यंत तिथल्या पेशी मेलेल्या असतात आणि त्या जागी व्रण धरतो.

पातळ, अरुंद नळीच्या बाबतीत हेच तंत्र उपयोगी पडले, हा याला पूरक पुरावा. अटाला यांच्या गटाने मेक्सिको सिटीतल्या शल्यविशारदांसह अपघातात मूत्रमार्ग फाटलेल्या पाच मुलग्यांना त्यांच्याच पेशींपासून घडवलेली मूत्रमार्गाची नळी बसवली. २०११ च्या अहवालात, काही वर्षांच्या पाहणीनंतरही, त्या नळ्या मोकळ्या होत्या.

मूत्राशयाच्या शाखेत सध्या अनेक गट मूळ प्रश्नाकडे परतले आहेत. पेशी कुठून आणायच्या, यावर एक सुंदर उत्तर २००८ मध्ये युआनयुआन झँग आणि सहकाऱ्यांनी दिले: माणसाच्या मूत्रातच थोड्या मूलपेशीसदृश पेशी सापडतात आणि त्या वाढवता येतात. त्यासाठी शरीरावर एकही छेद घ्यावा लागत नाही. अस्थिमज्जेतल्या पेशी आणि अधिक लवचीक साचे यांवरही काम चालू आहे. दरम्यान ४ मे २०२५ रोजी लॉस एंजलिसमध्ये भारतीय वंशाचे इंदरबीर गिल आणि त्यांचे सहकारी निमा नसिरी यांनी माणसातले पहिले मूत्राशय-प्रत्यारोपण केले. कर्करोगामुळे मूत्राशयाचा बहुतेक भाग आणि नंतर दोन्ही मूत्रपिंडे गमावलेल्या रुग्णाला एकाच दात्याचे मूत्रपिंड आणि मूत्राशय बसवले गेले. ओटीपोटाच्या खोल भागातल्या गुंतागुंतीच्या रक्तवाहिन्यांमुळे ही शस्त्रक्रिया तोवर कोणी केली नव्हती. अशा रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. स्वतःच्या पेशींचा अवयव वाढवण्याच्या कल्पनेला आजही बळ मिळते ते इथूनच.

मूत्रपिंडाची शाखा वेगळ्याच जमिनीत वाढली. मूत्राशय साठवते, मूत्रपिंड गाळते. माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येकाच्या टोकाला केशवाहिन्यांचा गुच्छ, पुढे वळणावळणांची नलिका, आणि सर्व नलिका शेवटी फांद्यांसारख्या एकत्र येऊन एका मूत्रवाहिनीत रित्या होतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा इथून जातो, दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर मूत्र म्हणून बाहेर पडतो. बाकी सारे नलिकेतल्या पेशी मोजून-मापून परत घेतात. वीसहून अधिक प्रकारच्या पेशी ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने बसलेल्या असाव्या लागतात. नेफ्रॉन घडण्याचे काम गर्भाच्या सुमारे ३६व्या आठवड्यात थांबते. त्यानंतर एकही नवा नेफ्रॉन होत नाही. झेब्राफिशसारखे मासे आयुष्यभर नवे नेफ्रॉन घडवतात, सस्तन प्राण्यांना ते जमत नाही. एक मूत्रपिंड काढले तर दुसरे फुगते, पण ते असलेले नेफ्रॉन मोठे होऊन. विषबाधेने किंवा रक्तदाब पडल्याने नलिकेतल्या पेशी मेल्या तर शेजारच्या पेशी वाढून ती जागा भरून काढतात, म्हणून अचानक बंद पडलेले मूत्रपिंड कधी कधी पुन्हा चालू होते. नेफ्रॉनच गेला, तर त्याची भरपाई नाही.

म्हणून इथे पहिले उपाय यंत्राचे आणि दात्याचे होते. जर्मनव्याप्त नेदरलँड्समधल्या काम्पेन गावी विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये सॉसेज भरण्याच्या सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून फिरते डायलिसिस-यंत्र केले. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरी यांनी जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाला बसवले. डायलिसिस गाळते, पण नलिकेतल्या पेशी जे मोजून परत घेतात आणि जी संप्रेरके बनवतात ते यंत्राला येत नाही. मिशिगनचे डेव्हिड ह्यूम्स यांनी ही उणीव पेशींनी भरून काढायचे ठरवले. प्रत्यारोपणाला अयोग्य ठरलेल्या मूत्रपिंडांतून नलिकेच्या पेशी घेऊन त्यांनी त्या डायलिसिसच्या तंतूंच्या आतून वाढवल्या आणि ते उपकरण रुग्णाच्या रक्तप्रवाहाला जोडले. अतिदक्षता विभागातल्या ५८ रुग्णांच्या चाचणीत, २००८च्या अहवालानुसार, २८ दिवसांतला मृत्युदर उपकरण लावलेल्यांत ३३ टक्के आणि न लावलेल्यांत ६१ टक्के होता. इतके आश्वासक आकडे असूनही पेशींनी भरलेले उपकरण मोठ्या प्रमाणावर बनवणे, साठवणे आणि वेळेवर पोहोचवणे जमले नाही आणि ते वापरात आले नाही. शुवो रॉय आणि विल्यम फिसेल यांचा गट याच कल्पनेचे शरीरात बसवता येईल असे रूप करत आहे. सिलिकॉनच्या सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यामागे ठेवलेल्या मूत्रपिंड-पेशी डुकरात आठवडाभर जिवंत राहिल्याचे त्यांनी २०२३ मध्ये दाखवले.

मूत्रपिंड सबंध घडवण्याची वाट मात्र भ्रूणशास्त्रातून निघाली. अमेरिकेतल्या बेथेस्डा येथे क्लिफर्ड ग्रोबस्टाइन यांनी १९५३ पासून उंदराच्या भ्रूणातले मूत्रपिंडाचे दोन घटक, म्हणजे मूत्रवाहिनीचा अंकुर आणि भोवतालची सैल ऊती, वेगळे करून पाहिले. वेगळे ठेवले तर सैल ऊती नुसती विरून जाते. अंकुराच्या सान्निध्यात ठेवली, अगदी मधे सच्छिद्र पडदा घातला तरी, तिच्यात नलिका वळू लागतात. आणि अंकुर त्या ऊतीच्या सांगण्यावरून फांद्या फोडतो. हेलसिंकीच्या लाउरी साक्सेन यांनी हे काम पुढे अनेक दशके चालवले. मूत्रपिंड बाहेरून रचता येत नाही, त्याचे दोन घटक एकमेकांना घडवतात, हे या प्रयोगांनी सिद्ध केले. साच्यावर पेशी पेरण्याच्या कल्पनेला इथे मुळातच मर्यादा होती.

ती मर्यादा ओळखण्याआधी बरेच काही करून पाहिले गेले. २००२ मध्ये अटाला आणि रॉबर्ट लान्झा यांच्या गटाने गायीच्या क्लोन-भ्रूणातल्या मूत्रपिंड-पेशी लहान नळ्यांत पेरून त्याच गायीच्या कातडीखाली बसवल्या. त्यांतून मूत्रासारखा द्रव जमला. २०११ मध्ये अटाला यांनी एका सार्वजनिक व्याख्यानात त्रिमितीय छपाईने बनवलेली मूत्रपिंडाची आकृती दाखवली. मंचावर मूत्राशयाची शस्त्रक्रिया झालेला एक तरुणही होता. या दोन गोष्टी जोडून, छापलेले मूत्रपिंड माणसाला बसवले अशी चुकीची बातमी फिरली आणि अटाला यांच्या संस्थेला खुलासा करावा लागला. ती आकृती मूत्रपिंडाच्या आकाराची होती, मूत्रपिंड नव्हती. डायलिसिसवर असलेल्या, प्रत्यारोपणाच्या यादीत वाट पाहणाऱ्या माणसासाठी हा फरक जीवनमरणाचा आहे, आणि अशा बातमीचा खरा घाव त्यालाच बसतो.

२०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या हॅराल्ड ऑट यांच्या गटाने दुसरी वाट दाखवली. उंदराच्या मूत्रपिंडातून साबणासारखे द्रावण सोडून सगळ्या पेशी धुऊन काढल्या. मागे कोलॅजनचा पांढरट सांगाडा उरला, त्यात रक्तवाहिन्यांच्या सर्वांत बारीक फांद्यांपर्यंत सारी वाट शाबूत. रक्तवाहिन्यांच्या मार्गाने माणसाच्या नाळेतल्या अस्तरपेशी आणि मूत्रवाहिनीच्या मार्गाने नवजात उंदराच्या मूत्रपिंड-पेशी आत सोडल्या. हे मूत्रपिंड दुसऱ्या उंदराला जोडल्यावर त्याने थोडे मूत्र तयार केले. पेशी आपापली जागा ओळखून बसतात हे चकित करणारे होते. पण सगळ्या बारीक वाहिन्यांना अखंड अस्तर देणे कठीण आहे. जिथे ते तुटते तिथे रक्त गोठते आणि पुढचा भाग मरतो.

सध्याची सर्वांत फलदायी शाखा शिन्या यामानाका यांच्या २००६च्या शोधातून निघाली. साध्या त्वचेच्या पेशीला चार जनुकांनी भ्रूणपेशीसारखी करता येते, हे त्यांनी आधी उंदरात आणि २००७ मध्ये माणसात दाखवले. मग तिला मूत्रपिंडाच्या वाटेवर नेणे भ्रूणशास्त्राच्या ज्ञानामुळे शक्य झाले. जपानमध्ये रयुइची निशिनाकामुरा यांनी २०१४ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात मिनोरू टाकासातो व मेलिसा लिटल यांनी २०१५ मध्ये ते करून दाखवले. टाकासातो-लिटल यांच्या बशीत वाढलेल्या पेशींच्या गोळ्यात पुष्कळ नेफ्रॉन आपणहून घडले. त्यांची अवस्था पहिल्या तिमाहीतल्या गर्भाच्या मूत्रपिंडाशी जुळत होती. त्यापुढे मात्र हे गोळे वाढत नाहीत. त्यांना धमनी नाही, आणि तयार झालेले मूत्र जाईल अशी मूत्रवाहिनी नाही. उंदराच्या मूत्रपिंडावर रोवले तर यजमानाच्या रक्तवाहिन्या आत येतात आणि नेफ्रॉन थोडे पिकतात, हे २०१८ मध्ये दिसले. निचऱ्याच्या प्रश्नावर टोकियोच्या जिकेई विद्यापीठातल्या ताकाशी योकू यांच्या गटाने २०१५ मध्ये एक उपाय मांडला: भ्रूणातले मूत्रपिंड त्याच्या मूत्राशयासकट रोवायचे आणि नंतर यजमानाची मूत्रवाहिनी त्या मूत्राशयाला जोडायची. मूत्राशय नसेल तर मूत्रपिंड स्वतःच्याच मूत्राने फुगून नष्ट होते. दोन शाखा इथे पुन्हा एकमेकींना भेटतात.

२०२३ मध्ये ग्वांगझू येथील संशोधकांनी मूत्रपिंड घडवणारी दोन जनुके काढून टाकलेल्या डुकराच्या भ्रूणात मानवी पेशी सोडल्या. १,८२० भ्रूण १३ डुकरिणींत रोवल्यावर तपासासाठी पाच मिळाले. २८ दिवसांपर्यंतच्या त्यांच्या आरंभीच्या मूत्रपिंडांत निम्म्याहून थोड्या अधिक पेशी मानवी होत्या, रक्तवाहिन्या मात्र डुकराच्याच. मानवी पेशी भ्रूणाच्या मेंदूत जातील का, या नैतिक प्रश्नामुळे प्रयोग तिथेच थांबवण्यात आला.

रुग्णापर्यंत पोहोचलेले काम याहून साधे आहे. टेन्जियनच्या मूत्रपिंडाच्या प्रकल्पातून निघालेली पद्धत पुढे प्रोकिडनी या कंपनीने चालवली. मधुमेहामुळे मूत्रपिंड झिजत चाललेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडातला सुईने घेतलेला तुकडा वाढवून, निवडक पेशी त्याच्याच मूत्रपिंडात परत टोचल्या जातात. नवा नेफ्रॉन घडवण्याचा दावा त्यात नाही. उरलेल्या नेफ्रॉनची झीज मंदावते का, हे तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत तपासले जात आहे. आणि बशीतल्या गोळ्यांना प्रयोगशाळेत आजच काम मिळाले आहे. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार त्यांच्यात उभा करता येतो, आणि एखादे औषध नलिकेतल्या पेशींना घातक आहे का हे ते माणसाला देण्याआधी त्यांच्यावर पाहता येते.